पहाडीच्या वाटा आणि त्या पाडणारे पाय



या व्यासपीठावर आजवर विद्वानांची भाषणे झाली. आम्ही विद्वान नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काय शिकलो ते विडी कामगारांच्या सभांत, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कचेऱ्यांतून काढलेल्या नकलांच्या कागदांवर. चिटणीसांनी 'आपल्या परिसरातील डोंगरवाटा' हा विषय आम्हांस सुचविला. संघटनेच्या कामानिमित्त हा माणूस तीस वर्षे पायी हिंडला आहे हे त्यांना ठाऊक असावे. हिंडलो हे खरे. हवा खाण्यासाठी मात्र एकदाही नाही.

दोन वर्षांपूर्वी मोहफुलांच्या दिवसांत दरेकसा स्थानकाबाहेर पाठीवर पिशव्या बांधलेली चार-पाच तरुण मुले भेटली. शहरातली होती, सुस्वभावी होती. मोबाईलवरचा नकाशा पुढे करून त्यांनी विचारले, "काका, इथला ट्रेल कुठून सुरू होतो? नकाशात तर काहीच दाखवत नाही." शेजारी डोक्यावर मोहाची टोपली घेतलेली एक म्हातारी उभी होती. ती म्हणाली, "वाट त् हेच आहे बाबू, तुमी तिच्यावरच उबे आहा." मुले हसली, आम्हीही हसलो. पण नकाशात वाट नाही आणि पायाखाली मात्र ती आहे, हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तोच आज सांगावयाचा आहे.

आपल्या गोंदिया शहराला डोंगर नाही. शहर रेल्वेने वाढविलेले. पूर्वेस दरेकसाच्या टेकड्या, दक्षिणेस नवेगावबांधच्या, पलीकडे प्रतापगडाची पहाडी, आणि मध्ये भाताची बांधी व तलाव, अशी आपल्या जिल्ह्याची ठेवण. जिल्हा म्हणून आपण वेगळे झालो ते १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वीचा सारा इतिहास भंडाऱ्याच्या नावावर जमा आहे. रेल्वे येण्याआधी येथला व्यापार चालत होता तो बैलांच्या पाठीवर. छत्तीसगडचा तांदूळ पश्चिमेकडे आणि मीठ पूर्वेकडे असा लमाणांच्या तांड्यांचा राबता असे. गाडीला सपाट रस्ता लागतो, लादलेल्या बैलाला लागत नाही. म्हणून तांड्याची वाट घाटाच्या खिंडीतून, पाण्याच्या कडेकडेने जाई. इंग्रजांनी पुढे नागपूर-रायपूर हा मोठा रस्ता बांधला. साकोली, देवरीवरून जाणारा आजचा राष्ट्रीय महामार्ग त्याच अंगाने जातो. नंतर लोहमार्ग आला. १८८२ साली नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज लाईन राजनांदगावला पोचली, १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ती लाईन घेऊन रुंद केली; विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे आणि चांद्याकडे छोट्या गाड्या सुटू लागल्या आणि गोंदियाचे जंक्शन झाले. तांडे थांबले. कोणी त्यांना बंदी केली नाही; एका मालगाडीत जेवढे पोते मावत तेवढे शेकडो बैलांना वाहावे लागे, एवढ्या हिशेबानेच तो धंदा बसला. कामगार चळवळीत असल्याने हा हिशेब आम्ही पुढेही पुष्कळदा पाहिला. असो.

जाता जाता पदमपूरचे नाव घेतले पाहिजे, नाहीतर आमगावकर मंडळी रागावतील. आठव्या शतकातला नाटककार भवभूती आपले मूळ गाव विदर्भातले पद्मपूर असे सांगतो. ते हेच आमगावजवळचे पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. ते मान्य केले, तर पुढे कनोजच्या दरबाराशी ज्याचे नाव जोडले गेले तो कवी आपल्या गावाहून निघाला तोही पायवाटेनेच. 'उत्तररामचरिता'तील दंडकारण्य वाचताना आम्हांला तरी आपलीच झाडी आठवते. संस्कृत आम्हांस येत नाही, भाषांतर वाचले. तेव्हा या बाबतीत आमचे म्हणणे कोणी फार मनावर घेऊ नये.

आता दरेकसाकडे वळू. सालेकसा सोडले की गाडी झाडीत शिरते, दोन्ही बाजूंनी टेकड्या जवळ येतात आणि बोगदा लागतो. स्थानकाजवळच हाजरा धबधबा आहे. पावसाळ्यात तेथे आता गर्दी होते, तिकीट असते, वडे मिळतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा यांतले काही नव्हते. पुढे बरीच वर्षे या भागात नक्षल हालचालींमुळे शहरचा माणूस फिरकत नसे, आणि गावचा माणूस वाटेने चालला की दोन्हीकडच्या बंदुका त्याला 'कोण? कुठे?' म्हणून विचारीत. बोगदा ज्यांनी फोडला, खडी ज्यांनी वाहिली, त्यांची नावे त्या दगडावर कोरलेली नाहीत. पण स्थानकाभोवतीच्या ज्या वाटा आज फिरायला येणाऱ्यांना 'निसर्गरम्य' वाटतात, त्यांतल्या कित्येक लाईनीच्या कामावर जाणाऱ्या मजुरांच्या आणि गँगमनांच्या पायांनी रुळलेल्या आहेत.

दरेकसाजवळ धनेगाव. तेथून पहाडी चढून गेले की कचारगडची गुहा. नैसर्गिक गुहा, तोंड एवढे मोठे की आत उभा राहिलेला माणूस बाहेरून मुंगीएवढा दिसावा. गोंडी परंपरा अशी सांगते की, या गुहेत तेहतीस मुले कोंडली गेली होती व तोंडावर प्रचंड शिळा होती. पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांच्या सुटकेचा विचार केला. हिरासुका पाटालीर नावाचा संगीतकार पुढे आला, त्याच्या वाद्याने मुलांच्या अंगी बळ आले, आतून-बाहेरून जोर लागला, शिळा हलली. मुले सुटली. हिरासुका मात्र त्या शिळेखाली सापडून गेला. याच मुलांपासून पुढे गोंडांची सगा-व्यवस्था उभी राहिली, असे कोया पुनेम मानतो. आम्ही जन्माने गोंड नाही. परंतु ही कथा पहिल्यांदा एका म्हाताऱ्या गोंड विडी कामगाराकडून रात्री शेकोटीपाशी ऐकली तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. देवाने दार उघडले अशा कथा पुष्कळ आहेत. गाणाऱ्या माणसाने खांदा लावून दगड हलवला आणि त्यात तो मेला, अशी दुसरी आमच्या ऐकण्यात नाही.

माघ पौर्णिमेला तेथे यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा एवढ्या ठिकाणांहून लोक येतात. डॉ. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंडी भाषेच्या अभ्यासकांनी या स्थळाचे महत्त्व लिहून मांडले आणि गेल्या चाळीसएक वर्षांत यात्रा फार वाढली. पण लिहिण्यापूर्वी वाट होती, हे ध्यानात घ्या. लिपीत नसलेले स्थळ लोकांनी चालून चालून स्मरणात ठेवले. इतिहासाचे पुरावे म्हणून आपण शिलालेख मानतो, ताम्रपट मानतो. पहाडीच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी पाडलेला तो पांढुरका पट्टा आम्ही त्याच पंक्तीस बसवतो. विद्वानांची हरकत असेल तर ती त्यांनी प्रश्नोत्तरांच्या वेळी घ्यावी.

दरेकसाच्या वाटा चढतात. नवेगावबांधच्या वाटा पाण्याभोवती फिरतात. गोंदियाहून चांद्याच्या लाईनीवर सौंदडच्या पुढे गेले की हे गाव येते. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी या माणसाने येथे तलाव बांधला. सभोवार टेकड्या होत्याच. मधल्या फटी पाळ घालून बुजवल्या आणि पाणी अडवले. ऐकायला सोपे वाटते. पण कोणत्या दोन टेकड्यांमध्ये पाळ घातली म्हणजे थोड्या मातीत पुष्कळ पाणी अडेल, हे दुर्बीण आणि नकाशा नसताना कळावे कसे? ते पायांनी कळले. पाऊस पडत असताना उतार चालून पाहावयाचा, पाणी कोठे धावते आणि कोठे थबकते हे पाहावयाचे. जुन्या गॅझेटियरने तलावाचा घेर सतरा मैल आणि क्षेत्र पाच चौरस मैल दिले आहे. टेकड्यांना 'सातबहिणी' म्हणतात. या सात बहिणींनी कोलूला साहाय्य केले अशी आख्यायिका आहे, आणि कोलू स्वतः 'कोलासुर देव' होऊन टेकडीवर बसला आहे. तलाव बांधणारा माणूस देव झाला, ही गोष्ट आम्हांस फार आवडते. आमच्याकडे बहुधा तलावावर शेतसारा घेणारा देव होतो.

कोहळी लोक मूळ काशीकडचे. चांद्याच्या गोंड राजाने यात्रेत त्यांची कारागिरी पाहिली व त्यांना येथे आणले, अशी परंपरा सांगतात. जंगल तोडून गाव वसवील त्याला गाव, तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन, असा गोंड राजवटीचा न्याय होता असे म्हणतात. त्याच रीतीने झाडीपट्टीत हजारो तलाव-बोड्या झाल्या. इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना गावांची मालकी दिली आणि तलाव त्यांचे झाले. १९५० चा कायदा होऊन ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि कागदोपत्री त्यांचे नाव पडले 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजे मामा तलाव. बांधले कोहळ्यांनी आणि बेलदारांनी, माती वाहिली साऱ्या गावाने, नाव मात्र मामाचे!

तलावाच्या पाळीवरून जी वाट जाते तिच्यावर सकाळी ढीवर जाळे घेऊन जातो, दुपारी गुराखी, संध्याकाळी शिंगाडे काढून परतणाऱ्या बाया. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते. पक्ष्यांची, झाडांची, पाणवनस्पतींची किती नावे त्यांनी याच ढीवर-गोंडांकडून उचलली हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने लिहिले आहे. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. एखादा अधिकारी चालणाऱ्यांच्या मागून चालला म्हणजे काय होते, याचे ते उदाहरण. अशी उदाहरणे फार नाहीत.

आता आमच्या धंद्याच्या वाटेवर येतो, कारण तीच आम्हांस सर्वांत जास्त माहीत आहे.

आमची आई विडी वळीत असे. मांडीवर सूप, सुपात पाने, कैची, पत्र्याचा फरमा, जर्दा. हजार विड्या वळाव्यात तेव्हा दिवस सरे. त्या घेऊन कारखान्यावर जावयाचे ते पायवाटेने, दोन कोस. तेथे मुन्शी छाट काढी. मनात आले तर पाऊणशे, मनात आले तर दीडशे. छाटलेल्या विड्या परत मिळत नसत, आणि त्या कोण पीत असे हे गावात सर्वांना ठाऊक होते. परतताना आई त्या वाटेवर एका बिजाच्या झाडाखाली बसे आणि बोटांवर हिशेब करी. आम्ही सात-आठ वर्षांचे होतो. संघटना म्हणजे काय ते आम्हांस पुढे पुस्तकांतून कळले. पण छाट परत मागितली पाहिजे, हे त्या झाडाखालीच ठरले होते. एकट्या बाईने मागून ती मिळणार नाही, म्हणून एकाच वाटेने जाणाऱ्या अकरा बायांनी एके दिवशी एकत्र जाऊन मागितली. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा होता आणि त्यात असल्या मनमानी छाटीला मर्यादा होती, हे तेव्हा त्यांतल्या एकीलाही माहीत नव्हते. वाट एक होती म्हणून एकी झाली. वेगवेगळ्या वाटांनी गेल्या असत्या तर झाली नसती.

विडीचे पान म्हणजे तेंदूचे पान. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेलकटाई होते, एप्रिल संपता संपता कोवळी पाने येतात आणि मेमध्ये तोडाई चालते. आज आपण येथे वाऱ्याखाली बसून व्याख्यान ऐकत आहोत. या घटकेस जंगलकडेच्या गावांतल्या बाया झोपल्या असतील, कारण त्यांना रात्री तीनला उठावयाचे आहे. ऊन चढण्याच्या आत पाने तोडून घरी आणावयाची, सत्तर पानांचा एक पुडा बांधावयाचा आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यावयाचा. भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पुड्यांवर. असे हजार पुडे झाले की एक प्रमाण गोणी. ज्या बाईला तेंदूची झुडपे कोठे आहेत आणि तेथे अंधारात कोणत्या वाटेने पोचावे हे माहीत, तिचे पुडे जास्त. वाट ही तिची मिळकत आहे, हे आम्ही अलंकारिक बोलत नाही. वाट अर्ध्या कोसाने लांबली तर वीस-पंचवीस पुडे कमी होतात. हा हिशेब आम्ही फळीवर बसून केलेला आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावाजवळ अशी एक वाट बंद झाली. एका कचेरीने चर खणला. कारण काय ते गावाला सांगितले नाही. बाया दोन कोसांचा वळसा घालून जाऊ लागल्या. आमच्याकडे तक्रार आली. कचेरीत म्हणाले, "तिथे वाट होती याला पुरावा काय? नकाशात दाखवा." पुन्हा नकाशा!

मग आम्ही कागद काढावयास लागलो. आपल्या विदर्भात गावोगावचे दोन जुने दस्तऐवज असतात. एक निस्तार पत्रक, ज्यात गावाने सरपण, गवत, माती कोठून घ्यावी ते लिहिलेले असते. दुसरा वाजिब-उल-अर्ज, ज्यात पाण्याचे, वहिवाटीचे, वाटेचे रिवाज लिहिलेले असतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही या दोहोंना जागा आहे. त्या गावच्या वाजिब-उल-अर्जाची नक्कल आम्ही मिळवली. वाट त्यात होती! पण ती जंगलाच्या हद्दीपर्यंत लिहिलेली होती. हद्दीच्या आत महसुलाचा कागद चालत नाही. जणू माणूस हद्दीपर्यंत चालतो आणि पुढे उडतो.

जंगलाच्या आतला कायदा १९२७ चा, इंग्रजांचा. तो आम्ही कोशाच्या मदतीने कलमवार वाचला. कलम पंचविसापाशी थांबलो. राखीव जंगलातली सार्वजनिक वा खाजगी वाट वनाधिकाऱ्याला बंद करता येते, हे खरे. पण राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीने, आणि तिच्याऐवजी सोयीची दुसरी वाट असेल किंवा करून दिली असेल तरच. ज्या जंगल कायद्याविरुद्ध बापूजी अणे १९३० च्या जुलैत पुसदला गवत कापून तुरुंगात गेले, त्या कायद्यानेसुद्धा वाट मोडणाऱ्याला वाट देण्यास बांधले होते. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यात तर आपला 'निस्तार' हा शब्द जसाच्या तसा दिल्लीच्या कायद्यात गेला. त्याच्या आधारे आपल्या जिल्ह्यातल्या काही ग्रामसभांनी पुढे तेंदूपानेही स्वतः विकली.

आमचा अर्ज गेला. चौदा महिने लागले. चर बुजला नाही. पण डोक्यावर भारा घेतलेली बाई निघेल एवढी फट त्यात ठेवली गेली. आम्ही मिरवणूक काढली नाही. बायांनी त्या फटीत हळदकुंकू वाहिले, तेवढेच.

या खटाटोपात असताना वाचनालयात एक गोष्ट हाती लागली. इंग्लंडात मँचेस्टरजवळ किंडर स्काउट नावाचा पहाड आहे. जमीनदारांनी तो शिकारीसाठी बंद केला होता. २४ एप्रिल १९३२ रोजी गिरण्या-कारखान्यांतले शेकडो तरुण बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या पोराच्या पुढारीपणाखाली बंदी मोडून त्यावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली तेथे कायदा झाला आणि जिल्हा कौन्सिलांना पायवाटांचे अधिकृत नकाशे करणे भाग पडले. एकदा त्या नकाशात वाट आली की ती सार्वजनिक, हे निर्विवाद. हवा खाण्यासाठी फिरणे ही श्रीमंतांची चैन, असे आम्ही फार दिवस समजत होतो. त्या गिरणी कामगारांनी आमचा समज मोडला. रविवारी पहाड चढावयाचा हक्क त्यांनी मजुरीइतकाच मोलाचा मानला.

म्हणून ती दरेकसाची मुले आम्हांस परकी वाटत नाहीत. तक्रार दुसरीच आहे. आता ठिकठिकाणी पर्यटनवाटा आखण्याच्या योजना निघतात, पाट्या लागतात, मनोरे उभे राहतात. त्यांत जुन्या वाटेला नवे नाव पडते आणि जी ती तुडवीत आली तिला उद्या तिकीट विचारले जाते. वाघाचा प्रश्न वेगळा, तो आम्ही टाळीत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला; गाभ्यात पायी जाण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मोह वेचताना, तेंदू तोडताना वाघा-अस्वलाने धरलेल्या बायांच्या घरी आम्ही गेलो आहोत. जंगलात जाणे म्हणजे काय हे आम्हांला कोणी सांगावयास नको. पण गाभ्याबाहेरच्या शेकडो वाटा कोणाच्याच कागदावर नाहीत, आणि कागदावर नसलेली वस्तू नाहीशी करणे सर्वांत सोपे. एका पिढीने विडी सोडली, पोरे पुण्याला आणि हैदराबादला गेली, की ज्यांना वाट माहीत त्या म्हाताऱ्यांबरोबर तीही जाते.

प्रतापगडाच्या पहाडीवर महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला हिंदू आणि मुसलमान एकाच चढाने वर जातात. जवळच गोठणगावकडे १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तेही आता त्या भागातले झाले. त्या चढाला कोणी मालक नाही, म्हणून तो सर्वांचा राहिला.

आमच्या संघटनेने गेल्या वर्षापासून एक वही केली आहे. साधी, दोनशे पानी. वाट कोठून कोठे जाते, मध्ये पाणी कोठे आहे, कोण चालते, कोणत्या ऋतूत चालते आणि कधीपासून, एवढेच तिच्यात लिहावयाचे. खाली गावातल्या पाच जणांच्या सह्या किंवा अंगठे. सतरा वाटा लिहून झाल्या आहेत. सतराव्या वाटेच्या नोंदीत 'कधीपासून' या रकान्यात सांगणाऱ्या बाईने आधी 'माहीत नाही' असे लिहावयास लावले, मग अंगठा उठवता उठवता थांबली, ते खोडावयास सांगितले आणि म्हणाली, "लिवा, माज्या आजीच्या आजीनं इतंच काटा काढला होता."

ते तसेच लिहिले आहे.